पालथी बादली

१

कुलूप जागच्या जागी होतं, खिडक्या आतून बंद होत्या, आणि बाथरूममधलं पाणी नाहीसं झालं होतं.

भिंगरी दारातच खिळली. तिचं हे नाव आईनं ठेवलेलं, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरत नसे. आज मात्र तो पार ठरला होता. तिच्या मागून फरशीवाला मिस्त्री टाचा उंचावून आत पाहत होता.

काल सकाळी त्यानंच पाणी जायच्या नाल्याच्या तोंडात चिंध्या कोंबून वर सिमेंटचा गोळा थापला होता. मग बाथरूमभर चार बोटं पाणी भरलं आणि पाण्याच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. जुनं घर दुरुस्त करताना ही परीक्षा घ्यावीच लागते. जमिनीला पाणी अडवणारा थर दिला की फरशी बसवण्याआधी दिवसभर पाणी साठवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवर दिसलं तर काम पक्कं, नाही दिसलं तर खाली गळती आणि सगळं पुन्हा उकरायचं.

इथं रेघ होती, पण पाण्याचा थेंब नव्हता.

"मी पंधरा-वीस बाथरूमं केली," मिस्त्री म्हणाला. "पाणी खाली गेलेलं पाहिलंय. पण इतकं? हे तर पिऊन टाकल्यासारखं दिसतंय."

चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासून भिंगरीनं जे काही साठवलं होतं, ते सगळं या दोन खोल्यांत ओतलं होतं. घर राहायला नव्हतं, भाड्यानं द्यायला होतं. परवा एक नर्सबाई मुलीला घेऊन बघायला येणार होत्या. हे तिचं पहिलं घर आणि पहिलीच भाडेकरू. गेला महिनाभर ती झोपेतसुद्धा नळ आणि बिजागऱ्या मोजत होती.

आणि बरोबर याच वेळी जिन्यावरून घरांची खरेदी-विक्री करून देणारा एजंट वर आला. हा गृहस्थ वाईट बातमीचा वास घेत यायचा. तो आत डोकावून चुकचुकला.

"ताई, स्लॅबच पोकळ दिसतोय. असं घर हातात ठेवू नये. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, आहे तसं घेईल. पण आज संध्याकाळी. उद्या ही बातमी फुटली की कोणी फुकटसुद्धा घेणार नाही."

 भिंगरीनं मान हलवली, आणि ती मान होकारार्थी हलली हे तिला एजंट खाली गेल्यावर कळलं.

मग तिनं मावशीला फोन लावला.

२

मावशीला सगळे भाडेवाली मावशी म्हणत. तिनं आयुष्यात पाच पडकी घरं घेतली, पाचही उभी केली आणि पाचही भाड्यानं दिली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक उपदेश होता आणि तो ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

"घर घ्यायच्या आधी खालच्या मजल्यावर चहा प्यावा," जिना चढतानाच तिनं सुरुवात केली. "वरच्या घराचे सगळे रोग खालच्या घराच्या छताला माहीत असतात. आपण प्यायलो होतो ना? छत चांगलं होतं ना? मग एका रात्रीत स्लॅब पोकळ कसा झाला?"

"मावशी, पाणी गेलंय."

"ते दिसतंय. कुठं गेलं ते विचार."

दोघी आधी खाली गेल्या. खाली शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्यांच्या खोलीत रेशमी कापडाचे तागे रचलेले होते आणि मशीन सतत चालू असायचं. मावशी सरळ स्टुलावर चढली. बाथरूमखाली येणाऱ्या छताला तिनं वर्तमानपत्राचा कागद तळहातानं दाबून धरला आणि काढून पाहिला. कागद कोरडा ठाक होता.

"माझं छत कोरडंच आहे, मी मघाशीच पाहिलं," काकू म्हणाल्या. "काल संध्याकाळी वर खुडबुड मात्र चालली होती. बादल्यांचा आवाज. मला वाटलं, भिंगरीच आली असेल."

"मी दुकानात होते," भिंगरी म्हणाली.

"मिस्त्री?" मावशीनं विचारलं.

"त्यानं तर दुपारीच किल्ली माझ्याकडे ठेवली, नेहमीसारखी. ती बघ, त्या खिळ्याला आहे."

काकूंनी सुईत दोरा ओवला, रेशमावरून हात फिरवला आणि पुन्हा मशीन चालू केलं.  काल संध्याकाळी बंद घरात कोणीतरी होतं.

३

मावशी बाथरूमच्या जमिनीवर उकिडवी बसली. भिंगरीलाही बसवलं.

"तू रोज लोकांना लांबची अक्षरं वाचायला लावतेस. आता जवळचं वाच. काय दिसतं?"

भिंगरीनं पाहिलं. भीती थोडी मागे सरली आणि कामाची सवय पुढे आली. "भिंतीवर एकच रेघ आहे, वरची. पाणी हळूहळू मुरलं असतं तर कपात राहिलेल्या चहासारख्या खाली खाली रेघा उठल्या असत्या. इथं एकही नाही."

"शाब्बास. आणि?"

"नाल्यावरचा सिमेंटचा गोळा शाबूत आहे. मिस्त्रींच्या अंगठ्याचा ठसासुद्धा तसाच आहे. म्हणजे पाणी नाल्यानं गेलं नाही." तिचा आवाज चढत चालला. "खाली गेलं नाही, भिंतीत गेलं नाही, नाल्यात गेलं नाही. मावशी, पाणी दारानं गेलं. कोणीतरी ते उपसून नेलं."

"आणि जमीन पुसलीसुद्धा," मावशी म्हणाली. "गाळाचा कण नाही बघ."

भिंगरी उठून स्वयंपाकघरात धावली. तिथल्या मोरीच्या जाळीत पांढरट सिमेंटचा गाळ अडकला होता. कोपऱ्यात मिस्त्रीची बादली होती, घासून लख्ख केलेली, पालथी घातलेली. तिच्या बुडावर फडकं पिळून तिहेरी घडी करून वाळत घातलं होतं.

मिस्त्रीनं बादलीकडे पाहून कानाला हात लावले. "ही माझी नाही. म्हणजे माझीच आहे, पण मी अशी कधी ठेवली नाही. मी बादली धुतली तर घरचे डॉक्टर बोलावतील." मग तो जरा गंभीर झाला. "आणि ताई, ज्यानं कोणी हे पाणी हातमोज्याशिवाय उपसलंय, त्याची आज हालत खराब असेल. ताज्या सिमेंटचं पाणी हात खातं. हे बघा."

त्यानं दोन्ही पंजे पुढे धरले. बोटांची टोकं भेगाळलेली होती.

"हा माझा रोजचा पंजा. नवख्याचं तर दुसऱ्या दिवशी कातडं सोलतं. पाणी लागलं की आग आग होते."

मावशीच्या डोळ्यांत चमक आली. "चला. आता जो भेटेल त्याचा हात बघायचा."

"हात कशाला? आधी किल्ल्या बघू," भिंगरी म्हणाली. "नव्या कुलपाला तीन किल्ल्या. एक माझ्या पर्समध्ये, एक काकूंच्या खिळ्याला, आणि एक आमच्या घरी स्वयंपाकघरात टांगलेली. तिला कोण हात लावणार? आईनं तर शपथ घेतलीय, या घराची पायरी चढणार नाही म्हणून."

 या शपथेचं कारण मावशी स्वतः होती. भिंगरीनं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा ती आईआधी मावशीकडे गेली. घर बघायला मावशी, भाव करायला मावशी, कुलूप आणायलाही मावशीच. "माझ्या मुलीनं घर घेतलं आणि ते मला दिसायच्या आधी धाकटीला दिसलं," आई म्हणाली होती, आणि तेव्हापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या.

४

दुपारी भिंगरी घराचे कागद आणायला घरी गेली. पाणी उपसलंय हे तिनंच ओळखलं होतं, पण कोणी आणि का ते कळेना, एजंटला होकार गेला होता, आणि सकाळची भीती पुन्हा वर आली होती. घराचे कागद, म्हणजे विकायचे कागद. हे लक्षात आलं आणि तिला जिन्यातच रडू फुटलं.

आई ओट्याशी उभी होती. तिनं वळून पाहिलं. "काय झालं?"

"बाथरूम गळतंय म्हणतात. कुठं गळतंय ते कळत नाही, पण परीक्षेसाठी भरलेलं पाणी नाहीये. मला नि मावशीला वाटतं कोणीतरी उपसलं, एजंट म्हणतो स्लॅब गेला. संध्याकाळी विकून टाकते."

भिंगरीला वाटलं, आता आई म्हणणार, मी सांगत होते. आईनं ते म्हटलं नाही. ती चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली, "लगेच विकायचं कशाला?"

"तूच तर म्हणाली होतीस, परक्यांसाठी घर घेऊन डोकेदुखी विकत घेतेस."

"म्हणाले असेन. मी काय कमी बोलते का?" आईनं कप फडक्यात गुंडाळून धरला होता.

"चटका बसला?"

"नवा साबण मानवला नाही. कागद घे आणि जा. नाही, थांब. नको जाऊस." आई काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात भिंगरीचा फोन वाजला. एजंट होता. गिऱ्हाईक लवकर येतंय म्हणाला.

भिंगरी कागद काखेत मारून पळाली. जिना उतरताना तिनं फोनवरच विचारलं, "कोण आहे हो गिऱ्हाईक?"

"लांबचं नाही," एजंट म्हणाला. "खालच्या शिवणवाल्या काकूच."

५

"बघितलंस?" भिंगरी मावशीवर जवळजवळ ओरडलीच. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली होती. "किल्ली त्यांच्याकडे, घर हवं त्यांनाच, आणि बादल्यांच्या आवाजाची कथाही त्यांचीच. कुंपणानंच शेत खाल्लं."

"हात बघितलेस त्यांचे?"

"हातांचं काय घेऊन बसलीस?"

"सकाळी काकूंनी आपल्यासमोर रेशमावर हात फिरवला. बोट जरा खरखरीत असतं तर रेशमाचा धागा ओढला गेला असता. त्यांची बोटं लोण्यासारखी आहेत. आणि डोकं चालव. ज्या बाईला तुझं घर स्वस्तात हवंय ती काय म्हणाली असती? छत गळतंय म्हणाली असती. ती तर स्वतःहून कोरडं म्हणाली."

 हे खरं होतं.

"त्यांना शिवणकामाला जागा हवीय, एवढंच. त्यात पाप नाही. एजंटाचे हात मी मघाशीच हातात घेऊन पाहिले, त्याला वाटलं मी भविष्य सांगतेय. त्याला एका वाटीभर पाण्याचा अनुभव नाही. तो नुसता संधीसाधू आहे." मावशी बोलता बोलता चहाचे कप विसळत होती. "आणि एक लक्षात ठेव. घाबरलेल्या माणसानं घर घेऊ नये आणि विकूही नये. एक रात्र झोपावं. भिंती कुठं पळून जात नाहीत."

भिंगरी ऐकत नव्हती. तिची नजर मावशीच्या हातांवर खिळली होती. मावशीनं कप पुसले. फडकं पिळलं. ज्या बादलीतून पाणी घेतलं होतं ती रिकामी केली, पालथी घातली, आणि फडक्याची तिहेरी घडी करून तिच्या बुडावर पसरली.



"मावशी," भिंगरी हळूच म्हणाली, "कुलूप तू आणलंस. किल्ल्या तू मोजून दिल्यास. चौथी तुझ्याकडे नाही कशावरून?"

६

मावशीनं भाचीकडे पाहिलं, मग बादलीकडे, आणि मग ती स्टुलावर बसून हसायला लागली. हसता हसता तिनं दोन्ही हात पुढे केले. तळवे मऊ होते, नखांना रंग होता, कातडीवर ओरखडा नव्हता.

"माझ्यावर संशय घेतलास, बरं केलंस. घराच्या कामात नातं बघू नये. पण अर्धंच वाचलंस. बादली पालथी घालायची, फडक्याची तिहेरी घडी करायची, हे मी काय दुकानात शिकले? आमच्या आईनं शिकवलं. चुकलं की जेवायला उशिरा वाढायची. आणि तिच्या हाताखाली आम्ही किती जणी वाढलो?"

"दोघी," भिंगरी म्हणाली.

मग सगळं एकदम तिच्यासमोर आलं. तिसरी किल्ली, जिला कोण हात लावणार म्हणून तिनं हिशेबातच धरली नव्हती. फडक्यात गुंडाळून धरलेला कप. नवा साबण. जी बाई घराच्या विरोधात होती तिचं ते "लगेच विकायचं कशाला?" काल रात्रीचं जेवण उशिरा झालं होतं, आणि आई म्हणाली होती, फिरायला गेले होते.

ती दिवसभर परक्यांचे हात शोधत होती. घरातले हात तिनं चहासकट पाहिले आणि त्यांच्यावरून नजर फिरवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पण का, मावशी? पाणी उपसून तिला काय मिळालं? मी घर विकावं म्हणून?"

 हा प्रश्न भिंगरीनं विचारला आणि लगेच तिला वाटलं की उत्तर नको.

"विचार तिलाच," मावशी म्हणाली आणि उभी राहिली, कारण दार उघडंच होतं आणि दारात आई होती.

तिला धाप लागली होती. एक पाय उंबऱ्याच्या आत होता आणि एक अजून बाहेर. तिच्या मागे जिन्यात एजंट आणि काकू येऊन थांबले होते.

"सही केलीस?" आईनं विचारलं.

"नाही अजून."

"करू नकोस. काही गळत नाही. पाणी मी काढलं."

तिनं हे एखादं भांडं फुटल्याची कबुली द्यावी तसं पटकन सांगून टाकलं. मग तिचा दुसरा पायही आत आला.

"मला बघायचं होतं घर. तुझ्यापाठीमागे, एकटीनं. शपथ घेतली होती ना, मग तुझ्यासमोर कशी येऊ? काल किल्ली घेऊन आले. सगळं पाहिलं. खिडकी छान आहे. आणि बाथरूम उघडलं तर पाणीच पाणी. मला वाटलं, नाला तुंबला, पाइप फुटला, आणि माझी पोर दुकानात लोकांना अक्षरं दाखवत बसलीय. परवा बाई बघायला येणार, त्या काय म्हणतील? खाली काकूंचं रेशीम, त्यावर पडलं तर? म्हणून काढत बसले. मान मोडली माझी. पुसून घेतलं. कोणाला कळू नये म्हणून गुपचूप गेले."

"आई, ती परीक्षा होती. पाणी मुद्दाम भरलं होतं."

"ते मला आज दुपारी कळलं, तू रडत कागद घेतलेस तेव्हा. सांगणार होते. तोंड उघडलं होतं." आईनं कागदांकडे पाहिलं. "माझ्या हट्टापायी तुझं घर जात होतं ग."

भिंगरीनं आईचे हात हातात घेतले. बोटांची टोकं लाल झाली होती, दोन ठिकाणी कातडं सुटलं होतं. रोज शंभर डोळे तपासणाऱ्या मुलीला हे हात दिसले नव्हते, याची तिला मनापासून लाज वाटली. आणि त्याचवेळी तिला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचत नव्हतं. स्लॅब पोकळ नव्हता. घर तिचंच होतं.

एजंटनं खाकरून घड्याळ पाहिलं. "ताई, मग कागदांचं..."

"खाली चहा घ्या आणि घरी जा," मावशी म्हणाली.

काकू मात्र आत आल्या आणि आईच्या हातांकडे पाहून हळहळल्या. "माझ्या रेशमासाठी? अहो, मला हाक मारायची." मग त्या भिंगरीला म्हणाल्या, "मला जागा हवी होती म्हणून विचारलं. गळतंय म्हटल्यावर तू देशील असं वाटलं. राग मानू नकोस."

७

मिस्त्रीनं पुन्हा चार बोटं पाणी भरलं. यावेळी त्यानं दाराला चिठ्ठी डकवली, "पाणी मुद्दाम ठेवलं आहे, कृपया दया करू नये," आणि स्वतःच्याच विनोदावर जिना उतरेपर्यंत हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा जमले. कुलूप उघडायला भिंगरीनं किल्ली आईच्या हातात दिली. आईच्या बोटांना मलम चोपडलेलं होतं, किल्ली दोनदा निसटली, पण कोणी मदत करायला पुढे झालं नाही.

पाणी पेन्सिलीच्या रेघेवर होतं. रेघेला चिकटून, हलत नव्हतं. भिंगरी खाली वाकली, नाक पाण्याला लागेल इतकी, आणि मग तिनं मिस्त्रीला मिठीच मारली असती, पण तो वेळेवर मागे सरला.

"काढू आता?" त्यानं विचारलं.

आई बाह्या सरसावून पुढे झाली. भिंगरीनं पर्समधून रबरी हातमोजे काढले. मिस्त्रीनं दोघींना हातानं थांबवलं, छिन्नी घेतली आणि नाल्यावरच्या सिमेंटच्या गोळ्यावर एक ठोका मारला. चिंधी ओढली. सगळं पाणी गोल फिरत बघता बघता नाल्यात निघून गेलं.

आई रिकाम्या जमिनीकडे पाहत राहिली. "एवढंच होतं?"

"एवढंच," मिस्त्री म्हणाला.

"आणि मी संध्याकाळभर..." पुढे तिला हसू आवरेना. मावशीही हसू लागली. दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या, आणि कित्येक दिवसांचं न बोलणं त्या हसण्यात कुठल्या कुठं वाहून गेलं. मग आईनं सवयीनं बादली उचलली, पालथी घातली आणि भिंगरीकडे वळली.

"परवा काही धड पाहिलंच नाही मी. अंधार होत आला होता आणि जीव घाबरलेला. आता घर दाखव मला. घर बघताना पहिल्यांदा काय बघायचं असतं?"

मावशीनं बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"ये," भिंगरी म्हणाली आणि आईचा हात धरून तिला खिडकीपाशी घेऊन गेली.